माहेरी न्यायची गाडी

"बसून काय कळणार? उतरून बघू," असं म्हणून चाचा गाडी कडेला घ्यायचे, इंजिन बंद करायचे, चावी खिशात टाकायचे आणि खरोखरच उतरायचे. मग गाडीभोवती एक पूर्ण फेरी. चारही चाकांवर तळहात टेकवून बघायचे, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मागचं दार ओढून बघायचे. शेवटी एकदा आभाळाकडे बघायचे. आभाळाचा गाडीशी काय संबंध, हे मला कधीच कळलं नाही. पनवेलहून कर्नाळ्यापर्यंत जायचं तरी ते मध्ये दोनदा उतरत. ज्याला वेळेवर पोहोचायचं आहे त्याने त्यांच्या गाडीत बसू नये, आणि मला तर सगळीकडे वेळेवर पोहोचायचं असतं.

तुमच्याही इमारतीत असं एखादं माणूस असेल. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, कुणाला कधी वेडंवाकडं बोललेलं नाही, आणि तरी त्याच्यामुळे तुमचं डोकं रोज फिरतं.

चाचा सुकापूरला आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायचे. मूळचे पनवेल गावातल्या मोहल्ल्यातले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी आखातात एका धनवान कुटुंबाच्या गाड्या चालवण्यात घालवली. थंडीत ते कुटुंब वाळवंटात मुक्कामाला जाई, आणि चाचा आपल्या गाडीमागे त्यांचं चाकांवरचं घर जोडून ओढत नेत. आत पलंग, शेगडी, न्हाणीघर, संडास. "वाळूत, बाय. चारी बाजूंना काय म्हणजे काय नाय, आणि आत नळाला पाणी," ते सांगायचे. सांगताना चेहरा असा व्हायचा, जसं काही ते घर त्यांचंच होतं. ते स्वतः बाहेर तंबूत झोपायचे, हे मला चाचीकडून कळलं.

चाची इथेच राहिल्या. सासूसासऱ्यांचं केलं, मुलीचं लग्न केलं, नवऱ्याला सुट्टीत भेटल्या. चाचा कायमचे परत आले तोवर चाचींचं गर्भाशयाचं ऑपरेशन होऊन गेलं होतं आणि त्यानंतर त्यांना लघवी धरून ठेवता येईनाशी झाली होती. हे मी इथे स्पष्ट लिहिते आहे, कारण चाचींनीच बजावलं आहे की लिहायचं तर नीट लिही, 'तब्येत बरी नसायची' असलं गुळमुळीत लिहू नको.

चाचींचं माहेर म्हसळ्याच्या पुढे. तिथे त्यांची मोठी बहीण, आपा, घसरून पडल्यापासून अंथरुणाला खिळलेली. पनवेलहून तिथे जायचं म्हणजे गोव्याचा हायवे, आणि तो हायवे कुठे ना कुठे खोदलेला असतोच. चाची शेवटच्या गेल्या तेव्हा वडखळच्या आसपास गाड्यांची रांग लागली होती. कसाबसा एक पेट्रोल पंप आला, तर तिथे बायकांच्या संडासाला कुलूप. चावी मॅनेजरकडे, मॅनेजर जेवायला गेलेला. चाची त्या कुलपासमोर उभ्या राहिल्या आणि उभ्या उभ्याच व्हायचं ते झालं. पुढचा सगळा रस्ता त्या ओल्या सलवारीवर ओढणी गुंडाळून बसल्या. बहिणीच्या दारात पोहोचल्यावर आधी गळाभेट नाही, आधी मोरी.

त्यानंतर त्या माहेरी गेल्या नाहीत. फोनवर बहिणीला बघायच्या. आपाला फोन नीट धरता यायचा नाही, त्यामुळे चाचींना बहुतेक वेळ आपाच्या छताला लटकलेला पंखा दिसायचा. त्या पंख्याशीच बोलत बसायच्या.

आमच्या बायकांच्या गटाचा तेव्हा ह्याच प्रश्नावर लढा चालू होता. महामार्गावर बायकांसाठी स्वच्छतागृहं हवीत, त्यात पाणी हवं आणि दाराला बाहेरून कुलूप नको. मागणी एवढी साधी की ती करायला लागते ह्याचीच लाज वाटावी. पत्रक मी लिहिलं होतं. आमच्या घरात पत्रकं जेवताना ताटाखाली घ्यायलाही असायची आणि झोपताना वाचायलाही, त्यामुळे ते काही मला अवघड नव्हतं. छापून आल्यावर सगळ्यांत आधी मी तळमजल्यावर गेले. ह्या दोघांपेक्षा त्याची गरज कुणाला?

चाचींनी चष्मा लावला, पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, "पंपाचं कुलूप पन टाकायला पायजे होतंस." चाचांनी पत्रकाची नीट घडी घातली आणि मला चहा घेणार का, म्हणून विचारलं.

"चाचा, मोर्चा आहे. तुम्ही पुढे उभे राहा. पुरुष ह्यावर बोलला की साहेब लोक दचकतात."

"भांडून रस्ता रुंद होतो का, बाय?"

"होतो. भांडल्याशिवाय कुठला रस्ता रुंद झाला, मला दाखवा."

"आमच्या मोहल्ल्यातला झाला. मी आपली पायरी आत घेतली."

हे असं. आता ह्यावर माणसाने काय बोलावं? सगळ्यांनी आपापल्या पायऱ्या आत घेतल्या तर मोर्चे लागणार नाहीत, हे मलाही कळतं. पण आत घेत नाहीत ना. चाचांची पायरी आत गेली आणि त्या जागी शेजाऱ्याची मोटारसायकल उभी राहायला लागली, ही गोष्ट ते सांगायचे नाहीत. ती चाची सांगायच्या.

काही दिवसांनी त्यांनी मला खाली बोलावलं आणि मोबाईलवर एक फोटो दाखवला. पांढरंशुभ्र लांबोडकं घर, खाली चाकं, पुढे गाडीला जोडायचा लोखंडी दांडा.

"पुण्याच्या पुढे एक जण बनवतो. तशीच, बाय. तिथं होती तशीच. चालत्या गाडीत तिथं कोणाला बसवायचं नाय. पन रस्त्यात कुठं पन थांबा, मागचं दार उघडा. ती पुढं माझ्या बाजूला बसंल, लागलं की थांबीन."

मला संताप आला. सरकारने बांधायचं ते ह्या माणसाने आयुष्याची पुंजी घालून विकत घेतलं होतं, मोर्च्याला मात्र येणार नव्हता.

"आणि बाकीच्या बायकांनी काय करायचं, चाचा?"

"बाकीच्या बायकांचा नवरा मी नाय ना. मी एकीचाच हाय. तिचंच अजून धड काय केलं नाय."

मग फोन खिशात ठेवत म्हणाले, "आणायला येशील ना? मागं बघायला कोणतरी पायजे."

जाणार होते ते त्याच दिवशी, ज्या दिवशी दुपारी एका मोठ्या अधिकाऱ्याने आमच्या गटाला भेटीची वेळ दिली होती. "दुपारच्या आत येऊ," चाचा म्हणाले. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला, ह्याचा मला आजही राग येतो.

पुतण्याची दणकट डिझेल गाडी घेऊन आम्ही दोघं पहाटे निघालो. कारखान्याच्या अंगणात ते घर उभं होतं आणि फोटोत दिसलं होतं त्याच्या दीडपट तरी मोठं होतं. मालक भला माणूस. म्हणाला, "काका, आमचा ड्रायव्हर आहे, तो घरपोच सोडेल. रोजचं काम आहे त्याचं."

"नवरी दुसऱ्याच्या हाती पाठवतात काय?" चाचा म्हणाले.

मग जोडणी सुरू झाली. दांडा हुकावर बसवला, उचलून बघितला, परत बसवला. खालच्या साखळ्या लावल्या, हलवून बघितल्या. मी मागे दिव्यांसमोर उभी.

"उजवा?"

"लागला."

"डावा?"

"लागला."

"ब्रेक?"

"लागला, चाचा."

"परत एकदा उजवा."

कारखान्याचा मालक आत जाऊन नाश्ता करून बाहेर आला, तरी आम्ही अजून उजव्यावरच होतो.

रस्त्याला लागलो, आणि चाचा उतरायला लागले. पहिल्या चहाच्या टपरीपाशी उतरले. पुढच्या पेट्रोल पंपावर उतरले. एका शाळेसमोर उतरले. दर वेळी चाकांवर तळहात, साखळ्यांना हिसका, आभाळ. दर वेळी माणसं गोळा. आपल्याकडे चाकांवरचं घर कुणी बघितलेलं नाही, त्यामुळे प्रत्येकाचा एकच प्रश्न, "काय विकणार?"

"काय नाय विकायचं. बायकोला माहेरी न्यायचंय."

"मग ही एवढी गाडी?"

"हां. एवढी."

एका वाहतूक पोलिसाने कागद बघितले, आत डोकावला, संडास बघितला, बाहेर आला. "चायनीजची नाही ना नक्की?" त्याने विचारलं. "नंतर चायनीज सुरू केलंत तर लायसन वेगळं लागतं." मी त्याला काही तरी बोलणार होते. चाचांनी माझ्या आधीच त्याला सलाम केला आणि परत चाकं तपासायला गेले. माझ्या फोनवर गटातल्या मैत्रिणींचे निरोप येत होते. कुठे आहेस. निघालीस का. घाट आला का.

घाट आला. खरं सांगायचं तर मी डोळे मिटून बसले होते, रागाने. एक आरामबस आमच्या उजवीकडून सूंकन निघून गेली आणि पाठीला धक्का बसला. डोळे उघडले तर आमचं घर उजवीकडच्या आरशात दिसत होतं. मग डावीकडच्या आरशात. मग परत उजवीकडे, आधीपेक्षा जास्त. आमची गाडी पुढे जात नव्हती, मागून ढकलली जात होती. चाचांनी ब्रेक मारला नाही. पाय उचलला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. ओठ हलत होते. हळूहळू ते घर मागे येऊन गप्प झालं. जरा रुंद जागा आली तशी चाचांनी गाडी कडेला घेतली.

आणि उतरले नाहीत. त्या दिवसात पहिल्यांदाच.

"चाचा?"

"थांब जरा."

दोन्ही हात मांड्यांवर दाबून ते बसले होते.

"वाळवंटात उतार नसतो, बाय," ते म्हणाले.

"हे तुम्हाला आत्ता आठवलं?"

"तिथं सगळं सपाट. मागचं असं ढकलतं, हे मला म्हाईतच नव्हतं."

मी म्हटलं, कारखान्यात फोन करू, त्यांचा ड्रायव्हर येईल, थांबू. सुरक्षित तरी पोहोचेल गाडी. चाचांनी पाणी प्यायलं, तोंडावरून हात फिरवला आणि मान हलवली. नाही म्हणजे नाही. मोठमोठ्याने भांडणाऱ्या माणसांना हट्टी म्हणायची आपल्याला सवय आहे. खरे हट्टी असे असतात, ते नुसती मान हलवतात.

उरलेला घाट आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. मागे कंटेनरवाल्या गाड्यांची रांग लागली आणि सगळ्यांचे हॉर्न चालू झाले. एक ड्रायव्हर शेजारून जाताना ओरडला, "ओ चाचा, वरात हाय काय?" चाचांनी हात वर करून त्याला सलाम केला. खोपोलीच्या जवळपास मैत्रिणीचा फोन आला. साहेबांनी चहा पाजला, पत्रकाची भाषा फार चांगली आहे म्हणाले, आणि विषय वर कळवतो म्हणाले. झाली भेट. ज्या भेटीत टेबलावर हात आपटायला मी असायला हवी होते, त्या भेटीच्या वेळी मी दुसऱ्या गिअरमध्ये होते.

सुकापूरच्या तोंडाशी आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आमची गल्ली समोर दिसत होती, आणि रस्त्यावर आडवी कमान. सकाळी नव्हती. बांबू, झालर, मध्ये गावातल्या एका भाऊंचा भला मोठा चेहरा, वाढदिवसाच्या शुभेच्छा, आणि खाली शुभेच्छा देणाऱ्यांचे लहान लहान चेहरे.

चाचा उतरले. मान वर करून बघितलं. कमानीखालून गाडी गेली असती, पण घराच्या छपरावर हवेसाठी एक पेटी होती, ती अडणार होती.

कमानीपाशी भाऊंची चारपाच पोरं खुर्च्या मांडत होती. त्यांच्यातल्या मोठ्याला मी म्हटलं, "एका बाजूची दोरी सोडा. दोन मिनिटांत निघू, परत बांधा."

"नाय ताई. कमान नाय निघायची. भाऊ सांजचे इथनंच येनार हायत."

"रस्त्यात कमान घालायची परवानगी घेतली आहे का?"

"कोनाची?"

"कोणाची म्हणजे? रस्ता आहे हा."

"भाऊंच्या गावात भाऊंची कमान. परवानगी कोनाची घ्याची, ताई?"

मग मी बोलले. पत्रकात आपण जे छापू शकत नाही तेही बोलले. मागे रिक्षा अडल्या होत्या, त्यांचे हॉर्न वाजत होते. भाऊंचा चेहरा वरून हसत होता. चाचा माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाले, "बाय, वाढदिवस हाय त्याचा. भांडून काय रस्ता..."

"रुंद होत नाही, माहीत आहे मला."

तोच पोरगा चाचांना म्हणाला, "कमान सोडून काय पन सांगा चाचा. गाडी ढकलायची हाय? ढकलतो की आमी."

तसं ठरलं. बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर घर रात्रभर उभं करायचं, कमान निघाली की सकाळी आत न्यायचं. मागे घ्यायला जागा नव्हती, म्हणून घर गाडीपासून सोडवून हातांनी वळवायचं. चाचांनी चाकांखाली लाकडी ठोकळे लावले, दांडा सोडवला, आपली गाडी कमानीखालून पलीकडे नेऊन लावली. परत येऊन, आता ढकलायचंच आहे म्हणून घराचा हातब्रेक सोडला. रस्त्याला तिथे उतार आहे, कमानीच्या दिशेने. फार नाही. सायकल सोडली तर आपली आपण जाईल एवढा. घर धरून होते ते फक्त ठोकळे.

तेवढ्यात इमारतीतली माणसं पोहोचली. पुढे समोरच्या दारातल्या काकू, हातात ताम्हन. मागे चाची, चालत, ओढणी सावरत.

"वेशीत आलेली गाडी तशीच बाजूला लावायची?" काकू म्हणाल्या. "ओवाळल्याशिवाय हलवायची नाही हं, भाईजान. आमच्या स्कूटरला केलं, तुमच्या ह्या बंगल्याला नको?"

असल्या कौतुकाला नाही म्हणायला चाचा शिकलेच नव्हते. ते पुढच्या दांड्यापाशी उभं राहून हसले. "ओवाळा, वहिनी. तुमची पन गाडी हाय."

काकूंनी कुंकू लावलं, फूल वाहिलं. भाऊंच्या एका पोराने नारळ फोडला. मग लिंबं. नवी गाडी लिंबांवरून गेली म्हणजे तिच्यावरची सगळी नजर चिरडली जाते, हे आपल्याकडे शोरूमवालेसुद्धा मानतात. काकू लिंबं घेऊन वाकल्या. पण चाकांच्या पुढ्यात ठोकळे.

"हे काय मध्ये घातलंय? लिंबू बसत नाही इथे. काढा रे हे."

मी तेव्हा त्या मोठ्या पोराला कमानीचा कायदा सांगत होते. मला दिसलं ते एवढंच, की दोघं जण उत्साहाने वाकले आणि ठोकळे काढून बाजूला फेकले.

लिंबं चिरडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घर चालायला लागलं, आणि काही क्षण लोक टाळ्या वाजवतच राहिले, कारण लिंबांवरून गाडी जायला हवी ती गेली होती. ती थांबत का नाही, हे फक्त एका माणसाच्या लक्षात आलं होतं.

चाचा दांड्याच्या पुढे दोन्ही हात पसरून उभे राहिले. पळून जाणारी गाय अडवावी तसे. "थांब, थांब," ते घराला म्हणत होते. ते घर त्यांना ढकलत ढकलत कमानीपर्यंत घेऊन गेलं. बांबू कडाडला, कमान खाली आली, भाऊंचा चेहरा आमच्या घराच्या कपाळावर येऊन लोंबकळला, आणि दांड्याखालचं छोटं चाक चाचांच्या पायावर चढून थांबलं.

चाची धावल्या. मी धावले. भाऊंची पोरंही धावली, त्यातली दोघं कमानीकडे.

"काच फुटली काय?" चाचा खालून विचारत होते.

"चाचा, पाय. पाय बघा."

"पाय हाय. तू काच बघ."

समोरची काच फुटली होती. तो मोठा पोरगा डोक्याला हात लावून म्हणाला, "आता भाऊंना काय सांगू मी?" "सांग, भेट आली आहे वाढदिवसाची," मी म्हटलं. पण ज्यांना मी एवढं बोलले त्याच पोरांनी ते घर उचलून धरलं, चाचांना बाहेर काढलं आणि भाऊंच्या फुलं लावलेल्या गाडीतून दवाखान्यात नेलं. आणि कमान पडलीच होती, तेव्हा चाचांचं घर त्याच संध्याकाळी आमच्या आवारात आलं. माझ्या घशाने जे झालं नाही ते काकूंच्या लिंबांनी केलं.

पायात पट्टी आणि स्क्रू बसले. डॉक्टर म्हणाले, क्लचवर पाय ठेवायचं नाव बरेच महिने काढू नका.

चाचींनी आधी त्या घरातल्या काचा वेचल्या. मग सगळं बघितलं, संडासाचं बटन दाबून पाणी सोडलं आणि बाहेर येऊन खाटेवरच्या नवऱ्याला म्हणाल्या, "चांगलं हाय. पन मी म्हटलं होतं, मला घर आणा म्हणून? मी म्हटलं, आपाकडं जायचंय." त्यानंतर मात्र त्या दुपारी तिथेच जाऊन बसायच्या. तिथून आपाला फोन लावायच्या आणि आपला फोन सगळीकडे फिरवायच्या. "आपा, हे बघ पलंग. हे बघ बेसिन. हे बघ."

आपाच्या बाजूने पंखा फिरत असायचा, आणि एकदा पंख्यातून आवाज आला, "ये मग."

मी ड्रायव्हर आणायला लागले. काम करणारे, कंटेनर ओढणारे, घाटाला सरावलेले. चाचा खिडकीतून त्यांना बघायचे.

"घाईचा हाय तो."

"ह्याने गाडी उतरून बघितली पन नाय."

"हा चांगला हाय. पन पाय बरा होऊ दे. मीच नेनार."

चाची म्हणायच्या, कोणाबरोबर पन पाठवा, मी जाते. चाचा मान हलवायचे. शेवटी मी एकदा विचारलं, "चाचा, ही गाडी चाचींसाठी आणली की तुमच्यासाठी?"

चाचा भिंतीकडे बघत राहिले. मला वाटत होतं, ह्यांनी आता तरी माझ्याशी भांडावं. भांडले असते तर हरले असते, आणि चाची दुसऱ्या दिवशी निघाल्या असत्या.

उन्हाळ्यात एका पहाटे म्हसळ्याहून फोन आला. आपा गेली. दफन संध्याकाळच्या आत, असरच्या नमाजानंतर. ते मोठं घर ओढत न्यायला आता ना ड्रायव्हर होता ना वेळ. चाचांच्या भाच्याने साधी भाड्याची गाडी बोलावली.

माझं म्हणणं खरं ठरलं होतं. एका माणसाने विकत घेतलेला संडास हे उत्तर नसतं, तो त्या माणसाच्या पायाबरोबर बंद पडतो. हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. पण बरोबर ठरल्याचा एवढा संताप मला त्याआधी कधी आला नव्हता.

ते दोघं आता तिकडेच असतात, आपाच्या घरात. चाकांवरचं घर पुतण्याने विकून टाकलं. परत का येत नाही म्हटलं तर चाची म्हणतात, "यायचं म्हणजे परत तोच रस्ता ना." चाचांशी फोनवर बोलणं होतं, पण ते फोनवर फार बोलत नाहीत.

मला दिसतात ते त्या सकाळचे चाचा. गाडी दारात उभी होती. चाची मागे बसल्या, पायांखाली एक पिशवी, त्यात दोन जास्तीच्या सलवारी. वर ऊन रणरणत होतं. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन धावत खाली गेले. चाचींनी बाटली हातानेच बाजूला सारली. पहाटेच्या फजरपासून त्यांनी थेंबभर पाणी घेतलं नव्हतं, आणि पोहोचेपर्यंत घेणार नव्हत्या.

"एवढ्या उन्हात, चाची?"

त्यांनी पायाने पिशवी आत सरकवली.

मी पुढच्या खिडकीशी गेले. चाचा प्लास्टरचा पाय लांब करून बसले होते. मी बाटली दिली, त्यांनी घेतली, झाकण उघडलं. मग आरशातून मागे बघितलं. त्यांचे स्वतःचे ओठ पार सुकले होते. त्यांनी झाकण परत लावलं, घट्ट पिळलं आणि बाटली माझ्या हातात दिली.

"ती घेत नाय," ते म्हणाले, आणि काच वर केली.